हरणीपुढची गव्हाण

मी कृष्णात. शिरोली एमआयडीसीत माझा आणि दादासोचा प्लॅस्टिकचा कारखाना हाय. दोन शेड, एकीत माझी भट्टी, दुसरीत त्याचं शीट ओढायचं मशीन. शाळंत एका बाकावर बसल्यापास्नं आम्ही भांडतोय, त्याचं कुणालाच काय वाटत न्हाय. पण औंदा गव्हाणीवरनं इरेलाच पेटलो.

गोठ्यासाठी प्लॅस्टिकची मोठी गव्हाण काढायची, दोन म्हशी शेजारी उभ्या राहून खातील अशी, हे दोघांनाबी पटलं. एवढ्या मोठ्या मालाला साच्यात पातळ प्लॅस्टिक दाबून भरायचं इंजेक्शनचं मशीन परवडणार न्हाय, हेबी पटलं. त्याच्या म्होरं ठिणगी पडली.

दादासो म्हणाला, "शीट तापवायची, साच्यावर टाकायची, खालनं हवा ओढायची. गव्हाण तयार. एकदम चकाचक."

"आणि कोपऱ्यात शीट ताणून पापडागत पातळ हुईल, त्याचं काय?" मी म्हटलं. "त्यापेक्षा साच्यात पावडर घालू आणि साचा भट्टीत गरागरा फिरवू. सगळीकडं जाड थर बसंल. जोड न्हाय, काय न्हाय."

"तुझी एक निघंस्तोवर माझ्या धा निघतील."

"धाच्या धा फुटतील की!"

हे चाललेलं चहाच्या गाड्यावर. भोवती माणसं जमली, आणि माणसं जमली की आमच्या दोघांच्याबी अंगात येतं. दादासो म्हणाला, "बायडा आत्तीच्या गोठ्यात दोन्ही ठेवू. ज्याची टिकंल त्याचा कारखाना. दुसऱ्यानं चालू पडायचं."

"मान्य!" मीबी खुळ्यागत बोलून बसलो. चार माणसांत दिलेला शब्द, मागं कसा घ्यायचा? त्या दिवशी घरात जेवण गोड लागलं न्हाय.

दोन्ही नमुने तयार झाल्यावर टेम्पोत घालून मुरगूडला गेलो. बायडाबाई माझी सख्खी आत्ती, आणि हरणी तिची म्हस. लई आडमुठी.

पहिल्यांदा दादासोची गव्हाण ठेवली. हरणीनं वैरण खाल्ली, तळाला राहिलेलं काढायला शिंग घातलं आणि मान हिसडली. कोपरा टर्रकन फाटला.

मी वरडायला तोंड उघडलं आणि दादासोकडं बघितलं. तो फाटलेला कोपरा दोन्ही हातांनी जुळवून बघत हुता. आता माझी टिकली की हा जाणार. मग शेड उघडून मी शिव्या कुणाला द्यायच्या?

माझी गव्हाण ठेवली. हरणीनं शिंगं घातली, डोकं घासलं, पर साधा ओरखडा न्हाय. फूट की गं बये, मी मनात म्हणाय लागलो. वैरण संपली तशी तिनं रिकामी गव्हाण शिंगावर घेतली आणि दिली भिरकावून, थेट उकिरड्यात.

मी टाळ्याच पिटल्या.

"तुझीच न्हवं रं ती?" आत्ती म्हणाली. "डोस्कं फिरलं काय?"

"दोघंबी हरलो, आत्ती! आता कुणीच जायाला नको."

तिथंच विषय मिटला असता. पण दादासो उकिरड्यात उतरला आणि गव्हाण उलटीपालटी करून बघाय लागला.

"हलकी हाय म्हणून उडाली," तो म्हणाला. "दुहेरी भिंतीची काढ. मधल्या पोकळीत पाणी भरायचं आणि बूच लावायचं. हरणीचा बापबी हलवणार न्हाय." मग त्यानं गव्हाण खाली ठेवली. "तसला पोकळ माल माझ्या शीटमधनं एका दमात निघत न्हाय. तुझ्या भट्टीतच निघंल. म्हणजे तू जिंकलास. उद्या किल्ल्या देतो."

माझं टाळकंच सरकलं. "हे सांगितलंस कशाला? गप बसता आलं नसतं व्हय?"

"माल चुकतोय ते दिसतंय, आणि गप कसा बसू?"

"मग ठेव त्या किल्ल्या खिशात! तुझ्याबिगर मला न्हाय जमायचं दादासो, सांगून ठेवतो. शब्द गेला खड्ड्यात."

तो उकिरड्यातनं वर आला. नळावर हात धूत लई वेळ पाठमोरा उभा राहिला. मग नाक ओढत म्हणाला, "रंग निळा घ्यायचा."

"निळा? गव्हाण हाय का पाण्याची टाकी? हिरवा!"

"हिरवा वैरणीत दिसंल तरी का रं?"

"दिसायला कशाला पायजे? म्हशीला काय चष्मा हाय?"

आत्ती धार काढायला बसलेली. तिनं तिथनंच हाळी दिली, "गप बसा रं मुडद्यांनो! म्हस पान्हा चोराय लागलीया!"