बारीक धार

विपुलने पुण्याहून ते सगळं लटांबर पाठवलं, तेव्हा त्याची आई मैना पोट धरून हसली होती. कॉफी गाळायचा चिनी मातीचा ड्रिपर, त्यात बसवायचे कागद, बगळ्यासारख्या मानेची किटली! "अवो, गाळणी पुरत नाई का तुमच्या पोराले?" पण एसटी चालवण्यात हयात घालवलेला तिचा नवरा धर्मपाल त्या खेळण्यावर असा भाळला, की विचारू नका. चिखलदऱ्याची कॉफी ताजी दळायची, कागद गरम पाण्याने ओला करायचा, मग मधोमध गोल गोल बारीक धार सोडायची. धार तुटता कामा नये, कागदाला लागता कामा नये. अमरावतीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत रोज सकाळी घमघमाट सुटायचा.

हल्ली त्या वासानेच मैनाला धडकी भरायची.

कारण धार हलायला लागली होती. आधी तिला वाटलं, झोप झाली नसेल. मग धार कागदावर गेली, मग पार ओट्यावर. धर्मपाल डाव्या हाताने उजवं मनगट धरायचा आणि म्हणायचा, "किटली जड हाय." पाव किटली पाणी, आणि म्हणे जड! या माणसाला खोटंसुद्धा धड बोलता येत नव्हतं.

याच हातात धारणीच्या गाडीचं स्टेअरिंग होतं. सेमाडोहचा घाट, एका अंगाला दरी, गाडीत बाजाराची माणसं, आश्रमशाळेची पोरं. तो घरी येईपर्यंत मैनाचा जीव थाऱ्यावर नसायचा. डॉक्टरचं नाव काढलं की तो खेकसायचा, "स्टेअरिंगवर नाई हालत हात. उगाच वंगाळ बोलू नोको."

आज तो पाणी ओतत असतानाच ओट्यावरचा फोन वाजला. दामिनी होती, धारणीला शिक्षिका असलेली त्यांची लेक. धर्मपालने स्पीकर लावला.

"बाबा, आज परतीले तुमचीच गाडी हाय ना? बाळाले घेऊन येतो मी."

त्याचा हात थांबला. "नोको! माह्या गाडीत नोको बसू. मांगून दुसरी हाय, तिनं ये."

"काहून?"

"गर्दी रायते. सांगतलं ना, नोको."

त्याने फोन बंद केला. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनही हा रोज गाडी काढत होता.

"आपली लेक नाई बसवत," मैना म्हणाली, "मंग बाकीच्याइच्या लेकी काहून बसवता?"

त्याने पुन्हा किटली उचलली. या वेळी मनगट धरलं नाही. पाणी ड्रिपरमध्ये कमी आणि ओट्यावर जास्त सांडलं. दोघंही ते बघत राहिले.

"मले लय भेव वाटते, मैना," तो म्हणाला. "गाडी चालवनं सुटलं त मी कोन?"

तिने किटली त्याच्या हातातून काढून घेतली.

थोड्या वेळाने तो खाकी चढवून बाहेर आला. एवढं बोलूनही हा ड्यूटीवर निघाला! पण त्याने तिच्या स्कूटीची चावी तिच्यापुढे धरली.

"डेपोत चाल. सायबाले सांगून टाकतो. तू चालव."

तो मागे बसला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती थरथर आता तिला खांद्याला जाणवत होती.

"हळू ने," तो म्हणाला, "मांगं मानूस बसला हाय."