ओपाला आता उसावर धावते

जांदीराने ओपाला गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, मशीनवर घासून आणलं, त्या दिवसापासून तिचा धाकटा भाऊ देल्मार तिच्याशी नीट बोलेना. गाडी दोघांची, निम्मी निम्मी. भंगारातून दोघांनी मिळून ओढत आणलेली, सहा सिलिंडरची. आणि घासलेलं लोखंड परत येत नाही.

"कुरितिबा शहरातला माणूस ती जशी कारखान्यातून निघाली तशी मागत होता," देल्मार म्हणाला. "माझा ट्रक आला असता त्या पैशात. तू परस्पर कापून मोकळी झालीस."

"तुला विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असतास."

"मग?"

"मग काय. नाही विचारलं."

गाड्यांवर कापड घालून ठेवणाऱ्यांची एक जमात असते. सहा सिलिंडरचं इंजिन विकत घ्यायचं आणि पाहुण्यांना दाखवायला दिवाणखान्यात उभं करायचं. असल्यांना गाडी नकोच असते, मेलेलं जनावर हवं असतं, भुसा भरलेलं. कुरितिबाचा गिऱ्हाईक त्यातलाच. ओपाला पहिल्यांदा बघायला आला तेव्हा त्याने बॉनेट उघडायच्या आधी खिशातून रुमाल काढला होता. जांदीराने त्याच क्षणी ठरवलं, याला नाही.

पेट्रोलची गाडी उसापासून काढलेल्या इथेनॉलवर आणायची, तर तिने काम अर्धवट केलं नव्हतं. हेड घासून कॉम्प्रेशन चढवलं. कार्बोरेटरचे जेट मोठे केले, कारण इथेनॉलवर इंजिन पेट्रोलच्या दीडपट पितं. कार्बोरेटर आणि टाकी आतून निकेल चढवून आणली, नाहीतर इथेनॉल धातू खात सुटतं. ठिणगीची वेळ पुढे ओढली. दुपारच्या उन्हात गावाबाहेर फिरवून आणली तेव्हा मागच्या चाकांनी रस्त्यावर काळे पट्टे ओढले.

शेवटी भावाबहिणीत करार झाला. रविवारी जुन्या धावपट्टीवर शर्यत होती. तिथे एव्हेराल्दोची पेट्रोलची गाडी सगळ्यांना मागे टाकायची. तिला हरवलं तर ओपाला कायमची जांदीराची. हरली, तर जांदीराने स्वतः हिंडून तसलंच न घासलेलं हेड शोधायचं, गाडी होती तशी करायची आणि स्वतःच्या हाताने किल्ली गिऱ्हाइकाला द्यायची.

रविवारी त्यांच्या ग्वारापुआवा गावात हिव पडलं होतं. धावपट्टीच्या कडेचं गवत पांढरंफट्ट. जो तो काखेत थर्मास मारून, शिमरांवची, गरम पाणी ओतत प्यायच्या कडू पानांच्या चहाची, वाटी हातात घेऊन उभा. गिऱ्हाईकही आला होता, लोकरी कोटात.

सरावाच्या फेरीला ओपाला निघाली, चार गाड्यांच्या अंतराएवढी धावली, खोकली, पुन्हा उसळली आणि मध्येच बंद पडली. ढकलत परत आणावी लागली.

"काय गं जांदीरा," एव्हेराल्दो गाडीला टेकून म्हणाला, "दारू प्यायल्यावर झोप लागते म्हणतात, ते गाड्यांनाही लागू आहे का?"

"तुझीला जागरणाचा रोग आहे, तिचं बघ."

लोक हसले. जांदीराने बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटरखालच्या नळीला हात लावला. नळी बर्फासारखी. नुसती थंड नव्हे, वरून पांढरा थरच चढलेला. तिने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली.

पेट्रोलवाले करतात तेच ती करून बसली होती. एक्झॉस्टचे नवे पाइप टाकताना, इंजिनात जाणारी हवा थंड राहावी म्हणून एक्झॉस्टची ऊब या नळीला देणारी जोडणीच तिने काढून टाकली होती. पेट्रोलला ते चालतं. पण इथेनॉलची वाफ होताना ते भोवतालची सगळी ऊब ओढून घेतं. उन्हात चाललं, हिवात गोठलं. जन्मभर पेट्रोलवाल्यांना नावं ठेवली आणि हात मात्र त्यांच्याच सवयीने चालले.

"गरम पाणी," ती म्हणाली. "कुणाकडे आहे?"

प्रश्नच बावळट होता. सगळ्यांकडे होतं. पण या थंडीत आपला थर्मास दुसऱ्याच्या गाडीवर ओतायचा? लोक वाट्यांत बघू लागले.

देल्मार पुढे आला. त्याने स्वतःच्या थर्मासातलं पाणी अजून एकदाही वाटीत ओतून घेतलं नव्हतं.

"कुठे ओतू?"

"तुला ट्रक नको का?"

"बंद पडलेल्या गाडीला हरवून मला ट्रक नको. कुठे ओतू ते सांग, ताई."

आठवड्यात पहिल्यांदा तो तिला ताई म्हणाला होता. पाणी पडताच नळीतून वाफेचा लोट उठला. मग एक म्हातारा आला थर्मास घेऊन, मग आणखी दोघं. झेंडा दाखवणारा ओरडला, पट्टीवर पाणी सांडू नका, चाकं घसरतील. तेव्हा देल्मारने गळ्यातला मफलर काढला, गरम पाण्यात बुचकळून पिळला आणि नळीभोवती गुंडाळला. इंजिन पहिल्याच किल्लीला लागलं. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळासारखा गोडसर वास पसरला.

"मफलर पेटला तर?" तो म्हणाला.

"ओला आहे. हट बाजूला."

झेंडा पडला. एव्हेराल्दो आधी सुटला, तसा तो नेहमीच सुटतो. जांदीराने दुसरा गिअर टाकला तेव्हा त्याचं मागचं चाक तिच्या खिडकीपाशी होतं. तिसऱ्याला त्याचा दरवाजा आला, मग तोंड आलं, मग कोणी नाही. पाय जराही न उचलता तिने रेघ ओलांडली. इंजिन एकदाही खोकलं नाही.

ती वळून परत आली तेव्हा गिऱ्हाईक देल्मारशी बोलत होता. हेड घासलेलं असलं तरी चालेल, म्हणत होता. आता गाडीचं नाव झालंय.

"तिला विचारा," देल्मार म्हणाला. "गाडी तिची आहे."

"नाही," जांदीरा खिडकीतूनच म्हणाली.

गिऱ्हाईक गेला. एव्हेराल्दो मात्र तिथेच घुटमळत होता. त्याने ओपालाच्या बॉनेटवर हात ठेवला, मग उचलला.

"माझी करून देशील?"

"हेड घासावं लागेल. परत पेट्रोलवर जाता येणार नाही."

"कळलं ते."

"आणि एक्झॉस्टची ऊब नळीला द्यायची. त्यात माझं ऐकायचं."

"ऐकतो."

"मंगळवारी आण," देल्मार मध्येच म्हणाला. तो नळीवरचा मफलर सोडवत होता. "आणि रांगेत यायचं. तुझ्या आधी दोघं विचारून गेलेत."