नव्वदावी

पानगळ लागली की आमच्या शाळेचं नारिंगी पत्रक घरोघर जातं. आमच्या म्हणजे ओटर क्रॉसिंगच्या प्राथमिक शाळेचं. मी तिथून बाहेर पडून सहा वर्षं झाली, आणि पुढचं हायस्कूल तर मागच्या वर्षी मीच सोडलं. पण आई त्या प्राथमिक शाळेच्या ऑफिसात बसते. पत्रक ती टाईप करते आणि घड्या मला घालायला लावते. त्यामुळे कुठल्या दिवशी काय आहे हे गावातल्या आईबापांपेक्षा मला जास्त पाठ. फोटोचा दिवस. पुस्तकांची जत्रा. डबाबंद शिधा गोळा करायचा आठवडा. भोपळा-संध्याकाळ, सफरचंदाचं सायडर आणि डोनटसकट. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी, मोठ्या अक्षरांत, सर्वांना पिझ्झा, सर्वांनी नक्की यावे.

पिझ्झा का, ते पत्रकात कधीच नसतं. त्या दिवशी मोजणी असते. सरकार शाळेला पैसे देतं ते डोकी मोजून, आणि डोकी मोजतात ती त्या बुधवारी. अंगात ताप असलेलं पोरसुद्धा त्या दिवशी स्वेटर घालून येतं. जे येत नाही त्याला पुढचे दहा शाळेचे दिवस असतात. दहाव्या दिवसापर्यंत येऊन बाकावर बसलं तर धरतात, नाहीतर नाव गेलं.

यंदा जिल्ह्याच्या साहेबांनी उन्हाळ्यातच सांगून ठेवलं होतं. नव्वदच्या खाली गेलात तर शाळेला कुलूप, पोरं बसने बावीस मैलांवर. मोजणी झाली तेव्हा एकोणनव्वद होते. नव्वदावी म्हणजे चौथीतली केन्ना बोमन, आणि ती नऊ दिवस झाले आली नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात कोट घालूनच कॉफी पीत होती. असं केलं की निघायला उशीर होत नाही असं तिचं म्हणणं. नऊ दिवस ती बोमनांकडे फोन लावत होती. पोरीचा बाप साखरेच्या बीटचा ट्रक चालवतो, आणि बीट शेतातून निघायला लागलं की तो माणूस घरी फक्त आंघोळीपुरता येतो. केन्नाची आई फोन उचलत नाही. मुख्याध्यापक मिस्टर वूल्सी दोनदा जाऊन दार ठोठावून आले होते. आत पोराचं रडणं ऐकू आलं म्हणे, पण दार काही उघडलं नाही. आज त्यांना जायला जमणार नव्हतं, कारण आजच भोपळा-संध्याकाळ होती आणि पेंढ्याच्या गठ्ठ्यांची गाडी त्यांनाच आणायची होती.

आईने मग विचारलं, तू जाऊन बघतेस का. मी आदल्या रात्री पेट्रोल पंपावरची पाळी करून आले होते, डोळे अजून चिकटलेले.

"मी शाळेची कोण लागते?" मी म्हणाले.

"कोणी नाही. म्हणून तर उघडतील."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी व्हॅनची किल्ली घेतली.

बोमनांचं घर बीट रचून ठेवायच्या मैदानाच्या अलीकडे. रस्त्यावर वळणावळणाला ट्रकमधून उडालेले बीट पडलेले, माणसाच्या डोक्याएवढे, आणि चिखल असा की ब्रेक मारला तर गाडी स्वतःच्या मर्जीने थांबणार. मी दार वाजवलं. पडदा हलला. पुन्हा वाजवलं. मग माझं डोकं सटकलं आणि मी ओरडूनच सांगितलं की मी शाळेतून आलेली नाही, मी ऑफिसातल्या रोंडाची मुलगी, जो, मीच शाळा सोडलेली आहे, मला शाळेबद्दल काही प्रेम नाही, आणि इथे गार वारा सुटलाय.

दार उघडलं. केन्ना उभी होती, दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन. कडेवर कसं, तर सगळी कंबर एका बाजूला काढून, तीन-चार बाळंतपणं झालेल्या बाईसारखं. दहा वर्षांची पोर. भावाचे केस पाणी लावून विंचरलेले, तिच्या स्वतःच्या केसांना मात्र आठवड्यात फणी लागलेली दिसत नव्हती. मागे ओट्यावर बाटल्या धुऊन उलट्या मांडलेल्या. फ्रिजवर वहीचा कागद चिकटवलेला, तिच्याच अक्षरात. ग्रॅडी दूध नऊ. झोप अकरा. आईची गोळी बारा.

तिची आई शॅनन बाहेरच्या खोलीत सोफ्यावर आडवी होती. पाठीचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले. सहा आठवडे चार लिटर दुधाच्या कॅनपेक्षा जड काही उचलायचं नाही असं डॉक्टरने बजावलं होतं.

"ग्रॅडी तीन कॅन आहे," ती कडेवरच्या पोराकडे बोट करून म्हणाली. उठून बसायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

पहिल्या आठवड्यात नणंद येत होती, मग तिला पॅकिंगचं काम लागलं. नवऱ्याने हंगामात रजा मागितली तर ट्रक दुसऱ्याला जाणार. फोन का उचलला नाही, तेही तिनेच सांगितलं. पोरीला घरी ठेवलंय हे कळलं तर शाळा मुलांची चौकशी करणाऱ्या सरकारी बाईला पाठवेल, आणि सरकारी बाई एकदा आली की घराचा पत्ता विसरत नाही. हे सगळं ती छताकडे बघून सांगत होती.

मी मोजणीचं सांगितलं. गोड करून सांगायला मला येत नाही. आज केन्ना गेली नाही तर शाळा जाईल, एवढंच म्हणाले. शॅननला हसू आलं, मग पाठ दुखली म्हणून तिने ते अर्ध्यात थांबवलं.

"एका पोरीवर शाळा उभी आहे?"

"आजच्या दिवस, हो."

"आणि ह्याला कोण उचलणार?"

मी म्हणाले, मी थांबते त्याच्यापाशी. तोंडातून निघाल्यावर माझं मलाच कळलं. परत घ्यावं असं वाटलं, पण केन्ना माझ्याकडे अशी बघत होती की जीभ वळली नाही.

ती काही लगेच निघाली नाही. तिने मला आधी सगळं शिकवलं. दूध किती गरम करायचं, कुठल्या उशीवर झोपतो, ट्रक गेला की त्याला खिडकीशी धरायचं, नाहीतर तो स्वतः चढायला बघतो. मध्येच म्हणाली, "तुला लहान मुलं सांभाळता येतात ना?" जसं काही मी नोकरीसाठी आले होते. बस कधीच निघून गेली होती, म्हणून ग्रॅडीलाही त्याच्या खुर्चीसकट व्हॅनमध्ये बांधलं आणि तिघं निघालो. तो शाळेपर्यंत बोंबलत होता.

ऑफिसच्या खिडकीत आईने वेळ लिहिली. आठ चाळीस.  मिस्टर वूल्सी कॉलरवर पेंढा घेऊन धावत आले आणि केन्नाशी त्यांनी वाकून हस्तांदोलन केलं, जसं काही राज्यपाल आलेत. केन्नाने हात दिला, पण नजर माझ्या कडेवरच्या ग्रॅडीवर होती. त्याचं टोपडं कानावरून सरकलं होतं. ती परत आली, टोपडं नीट केलं, आणि मग वर्गात गेली.

ग्रॅडीला घेऊन मी बोमनांकडे परत आले, आणि मग माझा दिवस सुरू झाला. मी पेट्रोल पंपावर आठ तास उभी राहते, पण हे वेगळंच होतं. त्याला खाली ठेवलं की तो आईकडे धावतो, आईच्या अंगावर चढू द्यायचं नाही, म्हणून पुन्हा उचला. दर चार-पाच मिनिटांनी ट्रक जायचा आणि तो "ट" म्हणायचा आणि आम्ही खिडकीशी. अकराला झोप असं कागदावर होतं, त्याला कोणी वाचून दाखवलं नसावं. बाराला गोळी. एकला त्याने सूप माझ्या केसांत घातलं. दोनला माझे हात खांद्यातून सुटून येतील असं वाटायला लागलं. केन्ना हे दोन आठवडे रोज करत होती.

शॅनन बोलायला तशी बरी बाई होती. तिने विचारलं, तू का सोडलीस गं शाळा. लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी फेकते. त्या दिवशी फेकायलाही ताकद नव्हती, म्हणून खरं सांगितलं. सप्टेंबरात मी महिनाभर आजारी होते. बरी झाले तोवर सगळे विषय पुढे गेले होते आणि मला वर्गात बसायची लाज वाटायची. मग रोज सकाळी हायस्कूलच्या ऑफिसातून एका बाईचा फोन यायचा. आवाज इतका मऊ की पोळीवर पसरावा. आम्हाला तुझी आठवण येते, तुझी जागा रिकामी वाटते. म्हणून मी एक बुधवार गेले. पिझ्झा खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय उचलेना, आणि मी फोनची वाट बघत पडून राहिले. आला नाही. चार-पाच दिवस उशाशी ठेवून झोपत होते. नंतर मी सोळाची झाले आणि नाव काढायच्या कागदावर आईने सही केली.

 शॅनन म्हणाली, "केन्ना आज परत आली की उद्या पण जायचं म्हणणार."

पावणेचारला बस आली. केन्ना उतरली ती पळतच. वर्गात तिच्या टेबलावर कागदी मुकुट ठेवला होता म्हणे, पण तिने तो घातला नाही, बॅगेत होता. गणितात काय काय झालं ते ती दप्तर न काढताच सांगत होती. भागाकार सुरू झालाय, बाकी उरते तो. मग तिने दप्तर काढलं, हात धुतले, आणि ग्रॅडीला माझ्याकडून घेतलं. कंबर पुन्हा एका बाजूला गेली. मी निघाले. ती म्हणाली, थँक यू, जो. मोठ्या माणसासारखं, पुढचं काही न मागता.

भोपळा-संध्याकाळ दरवर्षीसारखीच झाली. मैदानावर पेंढ्याचे गठ्ठे, मोठ्या पातेल्यात सायडर, पोरांच्या तोंडाला साखर. मिस्टर वूल्सींनी माईकवर आकडा सांगितला. नव्वद. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आजोबा लोकांनी ट्रकचे हॉर्न वाजवले, दुसरीच्या बाई तर रडल्या. केन्नाचं नाव कोणी घेतलं नाही. ते चांगलंच झालं म्हणा.

सगळं आवरत आल्यावर आई एका गठ्ठ्यावर बूट काढून बसलेली दिसली. मोज्याला अंगठ्यापाशी भोक. मी शेजारी बसले. शॅननच्या घरचं मी तिला सकाळीच ऑफिसात दोन वाक्यांत सांगितलं होतं, म्हणून आता मी सरळ विचारलं.

"उद्या केन्नाला कोण फोन करणार?"

आईने कपातल्या सायडरचा घोट घेतला. "उद्याची यादी नाही, जो. यादी आज संपली."

"माझी पण अशीच संपली होती."

तिने बूट जवळ ओढले. मला वाटलं उठून जाईल.

"फोन का बंद झाला ते तुला माहीत होतं ना? तू हेच काम करतेस."

"माहीत होतं."

"मग तू का नाही उठवलंस मला?"

आईने कप खाली ठेवला. "मी दिवसभर लोकांच्या पोरांना उठवते. घरी आले की आणखी एकीला उठवायचं त्राण राहत नव्हतं माझ्यात. एक दिवस म्हटलं, झोपू दे तिला. मग दुसरा. मग तो कागद आला, आणि सही करणं त्यातल्या त्यात सोपं होतं."

एवढंच. माफी वगैरे तिने मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. मला भांडायचं होतं, खूप दिवसांपासून, आणि भांडण समोर आलं तर माझे हात ग्रॅडीला उचलून उचलून इतके दुखत होते की कप धरवत नव्हता. आईने बूट चढवले. आम्ही दोघींनी मिळून कागदी कप गोळा केले. एका बाजूने ती, एका बाजूने मी.

घरी जाताना ती म्हणाली, ऑफिसातून अधिकृत असं तिला काही करता येणार नाही. वूल्सींना सांगितलं तर वर कळवणं त्यांना भाग आहे. मी म्हणाले, सांगू नकोस. तिने विचारलं, तू काय करणार आहेस. मी म्हणाले, मला काय माहीत.

सकाळी सात वाजता मी बोमनांच्या दारात होते. रात्रीचं दहिवर गोठून पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. केन्नाने दार उघडलं ते रात्रीच्याच कपड्यांत. कडेवर ग्रॅडी, हातात बाटली.

"आज काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही. गुरुवार आहे."

"मोजणार आहेत का?"

"नाही."

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. कुणी फसवायला आलंय का, असं बघतात तसं. मग तिने ग्रॅडीला माझ्या हातात दिलं, त्याचं नाक आधी पूस म्हणाली, आणि बूट शोधायला पळाली. एकच सापडला. बस येऊन उभी राहिली तेव्हा दुसऱ्यासाठी ती सोफ्याखाली घुसली होती आणि मी दारातून ड्रायव्हरला हात करून थांब थांब म्हणत होते. त्याने हॉर्न वाजवला. मी त्याला जे म्हणाले ते ग्रॅडीने ऐकायला नको होतं.

ती गेली. शॅननने सोफ्यावरून विचारलं, किती दिवस येशील.

"डॉक्टरने किती सांगितलेत?"

"अजून तीन आठवडे."

तीन आठवडे दिवसा इथे, संध्याकाळी पंपावर. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. ग्रॅडीचा लंगोट ओला झाला होता, ओट्यावर कालची भांडी तशीच पडली होती, आणि नऊचं दूध अजून व्हायचं होतं. मी बाह्या वर केल्या.