दोन पट्ट्यांमधली वीत

चिमणीने स्टँडचा स्क्रू सैल केला, माईक खाली ओढला आणि पांढऱ्या पट्टीशी आल्यावर पुन्हा घट्ट पिळला. वर, वीतभर अंतरावर, लाल पट्टी तशीच होती. तिचं एक टोक सुटून लोंबत होतं. चिमणीने ते अंगठ्याने दाबून बसवलं. ते पुन्हा सुटलं.

"ताई, होऊ द्या?" काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज हेडफोनमध्ये आला.

"पाणी तर पिऊ दे की रे बाबा. नरड्याला कोरड पडलीय."

नरडं हा शब्द तोंडातून गेला आणि तिने भरलेला ग्लास तसाच खाली ठेवला.

पट्ट्या रेकॉर्डिंग करणाऱ्या दादांनी चिकटवल्या होत्या. एकाच माईकवर दोन बायका आळीपाळीने बोलायच्या. एकीने तो वर करायचा, दुसरीने खाली, आणि दर वेळी तोंडाचा पट्टा सुरू. "अजून किती खाली घेऊ? जमिनीत पुरू का?" "पूर. तुझ्या तोंडाला ढगातला माईकच बरा." ऐकून ऐकून दादा एक दिवस रंगीत चिकटपट्टी घेऊन आले. उंचीला लाल, बुटकीला पांढरी. शाळेतल्या पोरांनी ठेवलेली नावं पन्नाशी उलटली तरी दोघींना चिकटून होती, त्यात या पट्ट्यांची भर. शिडी आणि चिमणी.

शाळेत पाठांतरात शिडीचा पहिला नंबर, चिमणीचा दुसरा. नाटकात शिडी राणी, चिमणी दासी. एका प्रयोगात राणी भर दरबारात वाक्य विसरली. दासी तेव्हा विंगेत उभी होती. तिने ते वाक्य तिथूनच, हुबेहूब राणीच्या आवाजात टाकलं. राणीने नुसते ओठ हलवले. बक्षीस राणीला मिळालं. त्यावर दोघी आजतागायत एक अक्षर बोललेल्या नव्हत्या. बाकी सगळ्यावर भांडून झालं होतं.

आणि मराठीत आवाज द्यायला नशिबाने या वेळी गाठ घातली ती अशा जपानी ॲनिमे मालिकेशी. आटलेल्या समुद्राच्या मधोमध एक प्रचंड सी-सॉ. त्याच्या दोन टोकांना दोन बालमैत्रिणी, जन्माच्या स्पर्धक. दर भागात कसली तरी पैज लागते, एक हरते आणि आपली एक वस्तू दुसरीला देते. आधी रिबिन, मग सावली, मग आईचं नाव. जिंकणारी ते सगळं मांडीवर घेऊन बसते आणि त्या भाराने खाली खाली जाते. हरणारी हलकी होत वर उचलली जाते. नियम एकच. हिसकावून घेतलं तर वस्तूची वाळू होते, ज्याची त्याने आपल्या हाताने द्यायला हवी.

"दर भागाच्या सुरुवातीला तेच चित्र," चिमणी पहिल्याच आठवड्यात कुरकुरली होती. "रिकामा सी-सॉ, कुईं कुईं. नवीन काढायचा कंटाळा, दुसरं काय."

"डोळे आहेत की बटणं?" शिडी म्हणाली होती. "नीट बघ. दर वेळी एक बाजू जरा जास्त वाळूत गेलेली असते. शेवट पहिल्याच चित्रात सांगून ठेवलाय त्यांनी."

बघितलं तर खरंच होतं. चिमणीला त्याचा राग दोन दिवस पुरला.

शिडीने हरणारीची भूमिका मागून घेतली होती. "हरणाऱ्याला वाक्यं जास्त असतात," म्हणाली. तेव्हा तिचा घसा नुसता बसल्यासारखा वाटायचा. शेवटचा भाग यायला उशीर झाला, आणि तो आला तोवर डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायची तारीख दिली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी चिमणी तिच्या पलंगाशी बसली होती.

"माझं काम कुणालाही देऊ देत," शिडी म्हणाली. आवाज लाकडासारखा कोरडा झाला होता. "तू मात्र करायचं नाहीस."

"का? मी काय घोडं मारलंय?"

"तू केलंस तर मी गेलेय हे कुणाला कळणारच नाही."

चिमणीने पायथ्याची चादर उगाच उलगडली, पुन्हा घडी घातली. "बरं," म्हणाली.

दिग्दर्शकाने तीन जणींना बोलावून पाहिलं. एक रडवेली, एक किनरी, तिसरी बातम्या दिल्यासारखी. मग तो चिमणीच्या मागे लागला. शेवटच्या भागात हरणारी आपला आवाजच देऊन टाकते आणि पुढे जिंकलेलीच दोन्ही आवाजांत बोलते. मूळ मालिकेतही तिथे एकाच बाईने दोन्ही आवाज दिलेत, तुम्हाला तर आयतंच आहे ताई. चिमणी नाही म्हणाली. पुन्हा नाही म्हणाली. मग एका दुपारी स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून तिने तो आवाज काढून पाहिला. थोड्या वेळाने नळ बंद केला आणि पुन्हा काढला. भांडी तशीच पडून राहिली. महिनोन्महिने कानावर न पडलेलं कुणीतरी घरात बोलत होतं. तिने फोन उचलला आणि येते म्हणून सांगितलं.

"घे," आता ती माईकसमोर शिडीच्या आवाजात म्हणाली. "माझ्याकडे आता एवढंच उरलंय."

"वा!" दिग्दर्शक म्हणाला. "अजून एकदा घेऊ."

तेवढ्यात त्याच्यामागचं दार उघडलं. उघडणारी बाई सवयीने जरा वाकून आत आली. गळ्याला सैलसर रुमाल, हातात लहान मुलांची, पुसून पुन्हा लिहायची पाटी.

दिग्दर्शक खुर्ची सरकवत उठला. त्याचं बोलणं काचेतून ऐकू येत नव्हतं, हात तेवढे हलताना दिसत होते. दादांनी मान खाली घातली. काचेपलीकडच्या स्पीकरवर चिमणीचा प्रत्येक उसासा ऐकू जात होता, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"हे बघ," ती माईकमध्येच म्हणाली, आता स्वतःच्या आवाजात. "मी म्हणजे..."



शिडी खुर्चीवर बसली. मग पाटीवर काहीतरी खरडलं आणि काचेला टेकवलं.

*नाकात बोलतेस. मी नाकात बोलत नव्हते.*

"बोलायचीस! जन्मभर सर्दी झाल्यासारखी. मला नको सांगू."

शिडीचे खांदे हलले. हसू तोंडावर आलं, पण रुमाल पुढे फुगला आणि बसला. दिग्दर्शकाने नजर दुसरीकडे वळवली.

तिने पाटी पुसली. *परत म्हण.*

चिमणीने म्हटलं. पाटी वर आली. *'घे' वर जोर नको.* पुन्हा म्हटलं. *रडतेस कशाला? मी रडले नसते.* पुन्हा. *'एवढंच' म्हणताना हसायचं. थोडं.* दिग्दर्शकाला चारही प्रयत्न सारखेच वाटत असावेत. शाळेत शिडी अशीच तिचे उच्चार काढायची, ओठ मुडपून, एकही चूक न सोडता. फक्त तेव्हा ते पहिला नंबर राखण्यासाठी असायचं. आता कशासाठी, हे विचारायची चिमणीला हिंमत नव्हती.

"घे. माझ्याकडे आता एवढंच उरलंय."

या वेळी दादांचा बटणांवरचा हात तिथेच थांबला. शिडीने काही लिहिलं नाही. पाटी मांडीवर पालथी ठेवली आणि मान एकदाच हलवली.

तेच वाक्य मग जिंकलेली म्हणते, त्याच आवाजात, वाळूत गळ्यापर्यंत रुतलेली. चिमणीने तेही म्हटलं. पहिल्याच फेरीत झालं.

"आता फक्त शेवटचा श्वास," दिग्दर्शक म्हणाला. "ती वर जाते, नुसते पाय दिसत राहतात. मूळ मालिकेकडून आलेल्या संगीताच्या ट्रॅकमध्ये श्वास नाही, आपल्यालाच द्यायचाय. ताई, हरलेलीचा श्वास."

पडद्यावर करड्या आभाळात दोन अनवाणी पाय स्थिर थांबले होते. चिमणीने त्यांच्याकडे पाहिलं. हेडफोन काढून स्टँडला अडकवला, आणि मधलं जाड दार खांद्याने ढकललं.

"ऊठ," ती म्हणाली.

शिडीने भुवया उंचावल्या.

"ऊठ म्हणते ना. बाकीची हमाली केली मी. एवढं तरी स्वतःचं स्वतः कर."

"ताई, अहो, त्यांना कसं..." दिग्दर्शक म्हणाला.

"तू गप्प रे."

शिडी उठली. दारात वाकली आणि आत आली. माईकसमोर तिची जागा होती तिथे उभी राहिली, पाय थोडे फाकवून, नेहमीसारखी. चिमणीचा हात आपसूक स्क्रूवर गेला. तिने तो सैल करायला घेतला, माईक लाल पट्टीवर न्यायला.

शिडीने तिच्या हातावर आपला पंजा ठेवला.

मग दुसऱ्या हाताने रुमालाची गाठ सोडली. गळ्याच्या खळीत श्वासासाठी केलेलं एक भोक होतं, कडेला प्लॅस्टिकची पारदर्शक कडी बसवलेलं. माईक बरोबर त्याच्या समोर होता, पांढऱ्या पट्टीवर, जिथे चिमणीचं तोंड यायचं तिथे. एका मिलिमीटरनेही हलवायची गरज नव्हती.

चिमणीने स्क्रूवरचा हात काढून घेतला. ती बाहेर जायला वळली, तर बाही कुठेतरी अडकली. मागे पाहिलं. शिडीने बाही धरून ठेवली होती, नजर मात्र पडद्याकडे.

दादांनी लाल दिवा लावला. पडद्यावरचे पाय हळूहळू वर सरकू लागले. माईकमधून पहिला श्वास गेला, ओला, खरखरीत, दार किलकिलं झाल्यासारखा.

खोलीत दोघी होत्या आणि श्वास एकीचाच हवा होता. चिमणीने आपला रोखून धरला.