अपूर्वाचा माईक

मुलुंडच्या प्रयोगात अपूर्वाचा माईक पुन्हा गेला, आणि या वेळी नाटकाच्या नायकाने, चंद्रप्रकाश कारखानीसांनी, ते प्रेक्षकांसमोर बोलून दाखवलं.

दुसऱ्या अंकात नायक-नायिकेची मिठी होती. त्यावर मोठं संगीत वाजायचं, आणि मिठी सुटली की अपूर्वाचं गाणं. त्या दिवशी गाण्याची पहिली ओळ कुणालाच ऐकू आली नाही. नुसते ओठ हलताना दिसले. चंद्रप्रकाश दोन पावलं पुढे आले, रसिकांकडे बघून हसले आणि म्हणाले, "आमच्या माईकवाल्या बाईंचा डोळा लागला वाटतं!"

हशा पिकला. टाळ्याही पडल्या. शेवटच्या रांगेमागे साउंडच्या टेबलाशी फ्लेविया परेरा उभी होती. माना वळल्या, लोक तिच्याकडे बघून हसले. तिचे कान तापले. दुसऱ्या ओळीला माईक आपोआप परत आला होता, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

प्रयोग संपल्यावर निर्मात्या सुलक्षणाताई विंगेत उभ्याच होत्या.

"फ्लेविया, किती वेळा? तीच जागा, तीच ओळ! तुला जमत नसेल तर सांग."

"ताई, माईकचा कमरेचा पॅक बदललाय, वायर बदललीय, बॅटरी दर प्रयोगाला नवी घालते."

"मग जातो कसा?"

"शोधतेय."

"शोध लवकर. चंद्रप्रकाश म्हणतायत, दुसरा माणूस आणा."

फ्लेविया मरोळच्या गावठाणातली. अठरा-एकोणीस वर्षं ती नाटकांना साउंड देत होती, आणि बाई म्हणून तिला पहिल्यापासून प्रत्येक गोष्ट दोनदा सिद्ध करावी लागली होती. घरी जाताना ती स्वतःशीच बडबडत होती. बाहेरच्या कुठल्या सिग्नलची खरखर असती तर नाट्यगृह बदलल्यावर ती थांबली असती. बोरिवलीलाही हेच झालं होतं. बॅटरी कमी होत असती तर टेबलावरच्या रिसीव्हरचे दिवे एकेक करून उतरले असते. इथे सगळे दिवे भरलेले असायचे आणि एकदम विझायचे. थोड्या वेळाने एकदम लागायचे. म्हणजे कमरेचा पॅक बंद होत होता, आणि परत सुरू होत होता.

पुढच्या प्रयोगाआधी तिने अपूर्वाच्या केसांतून माईकची बारीक वायर मानेमागून खाली सोडली, कमरेच्या पट्ट्यात पॅक बसवला आणि त्याचं बटण लॉक केलं. आता कुणाचा हात चुकून लागला तरी तो बंद होणार नव्हता.

"काय केलंस?" अपूर्वाने विचारलं.

"लॉक लावलं. मिठीत बटण दाबलं जातं बहुतेक."

अपूर्वा आरशात बघत राहिली. सत्ताविशीतली मुलगी, एरवी तोंडाळ. फ्लेवियाशी मात्र ती महिनाभर तुटक वागत होती. माईकमुळे चिडली असेल, असं फ्लेवियाला वाटायचं.

त्या दिवशी दिवे विझले नाहीत. पॅक चालू राहिला, आणि तरीही पहिली ओळ गेली. मध्यंतर आधीच होऊन गेलं होतं, त्यामुळे प्रयोग संपेपर्यंत थांबणं भाग होतं. संपल्यावर फ्लेवियाने पॅक सोडवला. वायरची पिन अर्धवट बसली होती. ही पिन फिरवून घट्ट करायची असते, ती आपोआप सुटत नाही. कुणीतरी ती सोडवली होती आणि घाईत परत खुपसली होती.

कोण? मिठीत दोनच माणसं असतात. हा माणूस मला घालवायला मुलीचं गाणं मारतोय, असंच फ्लेवियाच्या डोक्यात बसलं. ती इतकी भडकली, की त्याच पावली चंद्रप्रकाशांच्या मेकअपरूमकडे निघाली होती. दारात चाहत्यांची गर्दी होती, सेल्फी चालले होते. मग स्वतःलाच म्हणाली, थांब. आधी पकड, मग बोल.

पुढचा प्रयोग पुन्हा मुलुंडला, दुपारचा. मिठीच्या वेळी दोघांचेही माईक ती प्रेक्षकांसाठी बंद करून ठेवायची, कारण तेव्हा संवाद नव्हते आणि संगीत सांभाळायचं असायचं. म्हणून त्या वेळी ती माईक कधी ऐकतच नसे. आज तिने हेडफोन चढवला आणि अपूर्वाचा माईक फक्त स्वतःच्या कानात घेतला.

साडीची सळसळ ऐकू आली. मग अगदी जवळून, हसऱ्या, ओलसर आवाजात चंद्रप्रकाश बोलले.

"आज आतून काय घातलंयस? सांग ना. हळूच सांग."

संगीत चढत होतं. अपूर्वाचा श्वास ऐकू येत होता.

"हलू नकोस. हललीस तर पब्लिकला कळेल. हात इथेच राहू दे माझा, मस्त आहे."

मग खर्र झालं आणि हेडफोन मुका झाला. फ्लेवियाने वर पाहिलं. रंगमंचावर अपूर्वाचा उजवा हात स्वतःच्या कमरेमागे होता. पिन तिनेच फिरवून काढली होती.

उरलेला प्रयोग फ्लेवियाने हातांच्या सवयीवर चालवला. पडदा पडल्यावर ती सरळ अपूर्वाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"मी ऐकलं."

अपूर्वाच्या हातातला कापूस तसाच राहिला. "किती वेळा?"

"आजच. पहिल्यांदा."

"खोटं नको बोलू."

"आईशप्पथ अपूर्वा, आजच."

"तुझ्या कानात कायम हेडफोन असतो! मला वाटायचं तू रोज ऐकतेस. रोज ऐकतेस आणि गप्प बसतेस. म्हणून बंद करायचे मी. निदान तुला तरी फुकटचा तमाशा नको." तिचा आवाज फाटला. "तुझ्याकडे बघायचीसुद्धा इच्छा होत नव्हती मला."

फ्लेविया खुर्चीवर बसली. महिनाभर या मुलीने पाठीवर त्या माणसाचा हात सोसला, आणि समोर अंधारात बसलेली बाईही त्यात सामील आहे असं समजत गाणं म्हटलं.

"पुढच्या प्रयोगाला त्याचा माईक उघडते," ती एकदम म्हणाली. "पूर्ण आवाजात. ऐकू दे अख्ख्या नाट्यगृहाला."

"आणि कोणाचं नाव खराब होईल? त्याचं? हजार लोक माझ्याकडे बघतील, यार. मोबाईलवर फिरेल ते. माझ्या बाबांपर्यंत जाईल. तू माझ्यासाठी काही ठरवू नकोस."

"बरं. नाही ठरवत. ताईंना सांगूया?"

ते त्यांनी केलं. सुलक्षणाताईंनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"रेकॉर्ड आहे का?"

"नाही," फ्लेविया म्हणाली.

"मग तुझा शब्द आणि त्यांचा शब्द. अगं, ते जुन्या वळणाचे आहेत, मस्करी करतात. माझ्याशीही करायचे."

"तुम्हाला आवडायची?" अपूर्वाने विचारलं.

ताईंनी चष्मा परत चढवला. "बघते मी," एवढंच म्हणाल्या. त्यांनी काहीच बघितलं नाही. रविवारी बोरिवलीचा प्रयोग जाहीर झाला, मिठी जिथल्या तिथे होती, आणि मेसेज आला तो फ्लेवियाला: माईकचं बघून घे, या वेळी तक्रार नको.

रविवारी दुपारी सगळे माईक तपासायला रंगमंचावर जमले. खंडू, पंचवीस वर्षं पडद्यामागे राबलेला जुना बॅकस्टेजवाला, शिडीवर चढून झालर बांधत होता. वादक तबला लावत होते. चंद्रप्रकाश चहा पीत होते. सुलक्षणाताई पहिल्या रांगेत फोनवर होत्या.

"चला, अपूर्वाबाईंचा माईक बघून घ्या," चंद्रप्रकाश मोठ्याने म्हणाले. "तोच रुसतो ना नेहमी?"

अपूर्वा मधोमध येऊन उभी राहिली. तिने मागे, रिकाम्या खुर्च्यांपलीकडे, साउंडच्या टेबलाकडे पाहिलं.

"फ्लेविया, दे आवाज."

फ्लेवियाने बटण वर सरकवलं.

"माईक टेस्ट," अपूर्वा म्हणाली. तिचा आवाज नाट्यगृहभर गेला. "आज आतून काय घातलंयस? सांग ना. हळूच सांग."

तबला थांबला.

"हलू नकोस. हललीस तर पब्लिकला कळेल. हात इथेच राहू दे माझा, मस्त आहे." ती पाठ केलेलं म्हणावं तसं, एकेक शब्द सुटा करून बोलत होती. "बोरिवलीच्या पहिल्या प्रयोगाला म्हणाले, तुझ्या मानेचा वास घरी घेऊन जातो. त्याच्या पुढच्या वेळी काय म्हणाले ते सांगू, सर? की तुम्ही सांगता?"

चंद्रप्रकाश हसले. "काय गं हे? नव्या नाटकातले संवाद का?"

कुणीच हसलं नाही. फोन कानालाच धरून सुलक्षणाताई उभ्या राहिल्या होत्या.

"मी माझ्या कानाने ऐकलंय," फ्लेविया मागून ओरडली. तिला माईक लागलाच नाही. "हेडफोनवर. हाच आवाज, हेच शब्द."

"तुम्ही माईक सांभाळा, बाई! तो तरी जमतो का बघा!"

"माईक कधी बिघडलाच नव्हता! तुमच्या तोंडामुळे पोरगी पिन उपटत होती आणि शिव्या मी खात होते!"

खंडू शिडीवरून उतरला. तो चंद्रप्रकाशांचा भक्त. त्यांच्या चपला उचलायलाही त्याने कधी कमी केलं नव्हतं. त्यांच्याकडे न बघता तो अपूर्वाला म्हणाला, "बाय, तू माका आधी सांगूक होया व्हता." आणि तिथेच उभा राहिला.

"मिठी होणार नाही," अपूर्वा माईकमध्येच म्हणाली. "मी लांबून गाईन. चालत नसेल तर प्रयोग रद्द करा."

"मग मी करत नाही प्रयोग," चंद्रप्रकाश ताईंकडे वळले. "हिला बदला. आत्ता."

बाहेर फाटकाशी लोक जमायला लागले होते. सुलक्षणाताईंनी फोन पर्समध्ये टाकला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मिठी नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "जायचं असेल तर जा, चंद्रप्रकाश."

ते गेले नाहीत. भरलेलं नाट्यगृह सोडून जाणारा तो माणूस नव्हता. संध्याकाळी ते रंगमंचावर आले, दोनदा वाक्यं विसरले, आणि अपूर्वा चार हातांवरून, त्यांच्या डोळ्यांत बघत पहिल्या ओळीपासून गायली. त्या गाण्यात प्रेम अजिबात नव्हतं. तरी टाळ्या पडल्या. का पडल्या, ते त्या लोकांना ठाऊक नव्हतं.

आठवड्याने चंद्रप्रकाशांनी नाटक सोडलं. तब्येत, असं वर्तमानपत्रात आलं. एका मुलाखतीत त्यांनी हेही सांगितलं, की हल्ली साउंडवाल्यांचा दर्जा घसरलाय, नटाला काम करणं अवघड झालंय. त्यानंतर फ्लेवियाची ठरलेली दोन कामं गेली. फोन करून विचारलं तर पलीकडचे लोक इकडचं-तिकडचं बोलत राहिले. ती रस्त्यातच फोनवर इतकी ओरडली, की रिक्षावाले थांबून बघायला लागले. अपूर्वाने कलाकारांच्या संघटनेकडे तक्रार केली. तिथे तिला पहिला प्रश्न विचारला गेला: इतके दिवस गप्प का होतीस?

दोन महिन्यांनी अंधेरीच्या एका हॉलमध्ये त्याच नाटकाची तालीम पुन्हा सुरू झाली. नायक नवा, देवेश नावाचा. मिठीच्या जागी तो थांबला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "अपूर्वा, हात कुठे ठेवू गं?"

"खांद्यावर," ती म्हणाली. "इथे. आणि मोजून चार मात्रा. पाचवीला सोड."

"झकास."

फ्लेविया कोपऱ्यात वायर गुंडाळत बसली होती. त्या साध्या प्रश्नाचाच तिला भयंकर राग आला. इतकं सोपं होतं हे. ती उठून बाहेर गेली, नळाखाली तोंड धुतलं, शिव्या घातल्या, आणि परत येऊन अपूर्वाला म्हणाली, "चल, पुन्हा घे. पहिल्या ओळीला जरा वर जा, मला आवाज कमी मिळतोय."