लेखनिकाची अट

दार आदळले तेव्हा पंडितिणीचे उजवे मनगट चौकटीत होते. दोन आवाज झाले, एक लाकडाचा आणि एक हाडाचा. दुसरा पहिल्याहून लहान होता, तरी कानात राहिला तो तोच. पेंटरने दार उघडले नाही. उलट खांदा लावून ते आणखी रेटले आणि फटीतून म्हणाला, "दे आता पेपर! कशाने देतेस तेच बघतो."

पंडितीण हे नाव त्यानेच ठेवलेले. लग्नाच्या पहिल्या वर्षी बोलता बोलता तिच्या तोंडून 'तथापि' हा शब्द गेला, आणि तेव्हापासून ती घरात, गल्लीत, अगदी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करतानाही पंडितीणच झाली. तो स्वतः वाहनांच्या नंबरपाट्या रंगवीत असे. अक्षर असे की लोक गाडी सोडून पाटीचेच कौतुक करीत. अलीकडे पाट्या यंत्रातून छापून येऊ लागल्या होत्या, दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा गप्पिष्टच अधिक बसत, आणि त्यांतल्या एकाने त्या दुपारी विचारले होते, "काय पेंटर, वहिनी पदवीधर झाल्यावर घरात अहोजाहो कुणी कुणाला करायचं?" ते हसणे पाठीवर घेऊन तो घरी आला होता.

प्रकरण मुळात शासनाच्या एका ध्येयातून निघाले. दर शंभर प्रौढांपैकी साठ जणांच्या हाती पदवी असावी, असे ठरले होते. केवळ तरुण मुलांवर हा आकडा गाठता येईना, म्हणून शिक्षण अर्धवट सोडलेल्यांना परत बोलावण्याची योजना आली. शुल्क माफ, वयाची अट माफ. संधी मात्र एकच. पंडितिणीचा एकच विषय राहिला होता, लोकप्रशासन. त्या पेपरची तारीख आणि तिच्या लग्नाची तारीख एकच निघाली होती, आणि दोहोंपैकी कोणती पुढे ढकलावी हे तिला कुणी विचारले नव्हते. आता तो पेपर उत्तीर्ण झाली तर ती पदवीधर; हुकला तर आधीचे सारे पेपरही रद्द. आणि पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी होता.

तिच्या ओरडण्याने नणंद धावत आली. ती पोलिसात हवालदार होती, दोन घरे सोडून राहत होती आणि कामावरून नुकतीच परतल्याने गणवेशातच होती. तिने भावाला मानगुटीला धरून दारापासून ओढले, भिंतीवर आपटले, आणि कमरेचा पट्टा सोडून बक्कलाच्या बाजूने त्याच्या पाठीवर, खांद्यावर, तोंड लपवणाऱ्या हातांवर घातला.

"ताई, अगं लागतंय!"

"लागायलाच मारतेय! गाढवा, हाड मोडलंस! इस्पितळात पोलीस केस होते, अक्कल आहे का? आणि ती केस लिहून घ्यायला कोण येणार? मीच!"

पट्टा थांबला तेव्हा पेंटरची भुवई फुटली होती आणि पंडितीण उंबऱ्यावर बसून आपल्या हाताकडे, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसे, पाहत होती.

इस्पितळात नणंदेनेच सांगितले, "जिन्यावरून पडली." डॉक्टरने मनगट पाहिले, मग गणवेश पाहिला, आणि जिना लिहिला. प्लास्टर ओले असतानाच बाकावर पंडितीण म्हणाली, "वन्सं, मी पडले असंच सांगीन. कुणी विचारलं तरी सांगीन. तथापि…"

"आलं तथापि!"

"मला उद्या लेखनिक हवा."

महाविद्यालयाच्या कारकुनाने फोनवर नियम ऐकवला. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा, म्हणजे तो स्वतःच्या ज्ञानाने उत्तरे लिहिणार नाही. आणि ओळखपत्रासह सकाळी हजर असावा. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. धुलाईघरातल्या दोघींना सकाळची पाळी होती. नणंद पदवीधर, म्हणजे बाद. ती बाहेर पायरीवर भुवईला बर्फ धरून बसलेल्या भावाकडे वळली.

"दहावी नापास," ती म्हणाली, "आणि अक्षर मोत्यासारखं."

"मी? मी हिचा पेपर लिहू?"

"नाहीतर चौकीत बसून जबाब लिही. लिहायचं तर आहेच तुला."

पंडितिणीला या सौद्यातली वाकडी बाजू दिसत होती. नणंद तिला पेपर मिळवून देत होती आणि त्याच हाताने भावाला वाचवीत होती. परंतु तिला पेपर हवा होता. बाकीच्या गोष्टींचा न्याय करायला हात रिकामा नव्हता.

परीक्षेची खोली मुलांच्या मापाची होती. बाकांत गुडघे न मावणारी माणसे तिरकी बसली होती: बसचालक, इस्पितळातली आया, बाह्यांना काळे तेल लागलेला टायरवाला. सगळेच कधीतरी सोडून गेलेले आणि आता शासनाच्या साठांत मोजले जाण्यासाठी परतलेले. लेखनिकासाठी वेगळी खोली रिकामी नव्हती, म्हणून पर्यवेक्षकाने दोघांना अगदी मागच्या बाकावर बसवले आणि बजावले, "हळू सांगायचं. ते सांगतील… म्हणजे त्या सांगतील, तेवढंच यांनी लिहायचं. आवाज झाला, गडबड झाली, की पेपर थांबवून बाहेर. नियम आहे." नणंद बाहेर व्हरांड्यात उभी राहिली.

पहिल्याच उत्तराला अनर्थ दिसू लागला. पेंटर लिहीत नव्हता, रंगवीत होता. प्रत्येक अक्षराला तो वरची रेघ शेवटी, जपून देई आणि मान तिरकी करून ती पाही.

"अहो, जरा भरभर," ती कुजबुजली.

त्याचा उजवा हात लिहीतच राहिला. डावा बाकाखाली गेला आणि त्याने प्लास्टरमधून बाहेर आलेली तिची बोटे मुठीत धरून मागे वाकवली.

तिच्या डोळ्यांपुढचा फळा पांढरा झाला. घशात आलेली किंकाळी तिने दातांखाली धरली. आवाज झाला की पेपर थांबणार होता, आणि हे त्यालाही ठाऊक होते. "काय म्हणालीस?" त्याने प्रेमळपणे विचारले. "भरभर?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही लिहा तसं."

मग तिने वेगळी वाट धरली. त्याची गती वाढत नव्हती, तर उत्तरांचा विस्तार कमी करणे तिच्या हाती होते. पाठ केलेल्या प्रस्तावना तिने टाकल्या, 'आजच्या बदलत्या काळात' टाकले, उपसंहार टाकले. जिथे पान भरायचे तिथे चार वाक्ये सांगितली, पण अशी की त्यांतला शब्द हलवता येऊ नये. दोन शब्द सांगायचे, थांबायचे, पुन्हा दोन. अधूनमधून कारण नसतानाही बाकाखालचा हात येई. दुसऱ्या प्रश्नात त्याने करंगळी पिळली तेव्हा तिच्या ओठातून रक्त आले, आणि तिने त्याच स्वरात पुढचे दोन शब्द सांगितले: "स्थानिक संस्था." पर्यवेक्षक बाकांमधून फिरत गेला. त्याने ओठ पाहिला असावा, थांबला नाही.

तिसऱ्या प्रश्नाला तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. "अर्थसंकल्पातला शेवटचा 'ल्प' या ओळीत बसत नाही, पुढच्या ओळीत नेऊ?" असे त्याने विचारले होते. वाक्य काय म्हणते हे त्याने एकदाही विचारले नव्हते. आयुष्यभर त्याने आकडे रंगवले. ते कुणाच्या गाडीचे, गाडी कुठे चालली, याच्याशी पाटीचा काय संबंध? त्याच्या कानातून शब्द सुटे आत जात आणि हातातून सुटेच बाहेर येत.

शेवटचा प्रश्न होता: 'उच्चशिक्षण सर्वांना परवडावे व अधिकाधिक नागरिकांनी ते पूर्ण करावे, या शासकीय धोरणाची उद्दिष्टे सांगून परीक्षण करा.' आधीच्या उत्तरांवर ती उत्तीर्ण होत होती. इतका हिशेब तिने केला होता. हे उत्तर सोडून उठली असती तरी चालले असते. पण धोरणाचे परीक्षण करा असे शासन स्वतः विचारीत होते, आणि तिला माहीत असलेले उत्तर पुस्तकात नव्हते. नणंदेला दिलेला शब्द बोलण्यापुरता होता. लिहिणार नाही, असे ती कुठेच म्हणाली नव्हती.

ती सांगू लागली. शब्दांच्या जोड्या तिने मुद्दाम चुकीच्या जागी तोडल्या. एका वाक्याचे शेपूट आणि दुसऱ्याचे डोके एकत्र.

"'शुल्कमुक्त शिक्षण'. झालं? 'हीच शासनाची'."

"हं."

"'मनगट दारात'," काही ओळींनंतर ती म्हणाली.

त्याचा हात थांबला.

"'दारात' खालच्या ओळीत घेऊ का? इथं कोंबलं तर गचडी होईल."

"घ्या खालच्या ओळीत," ती म्हणाली. "'चिरडले', पूर्णविराम, 'इस्पितळात'."

घंटा झाली. पर्यवेक्षकाने पहिल्या पानावर लेखनिकाची सही मागितली, आणि पेंटरने ती आपल्या पाट्यांच्या कोपऱ्यात करी तशी, खाली वळसा देऊन, केली. मग सवयीने त्याने उत्तरपत्रिका हातभर दूर धरली. रंगवून झालेली पाटी तो नेहमी अशीच पाही. शेवटचे पान उघडे होते, आणि आता अक्षरे सुटी राहिली नाहीत:

'शुल्कमुक्त शिक्षण हीच शासनाची परवडण्याची व्याख्या आहे. ती अपुरी आहे. शिक्षणाची किंमत पावतीवर संपत नाही. उरलेली घरी वसूल होते. प्रस्तुत परीक्षार्थीचे शुल्क शासनाने माफ केले. आदल्या दुपारी कुटुंबप्रमुखाने तिचे मनगट दारात चिरडले. इस्पितळात नोंद जिन्याची झाली, आणि ती पोलिसांच्या समक्ष झाली. पुरावा म्हणून हेच अक्षर पाहावे. ते कुटुंबप्रमुखाचे आहे.'

त्याचे ओठ हलत राहिले. तेवढ्यात पर्यवेक्षकाने कागद हातातून काढून घेतला. "थांबा, थांबा," पेंटर म्हणाला. "वेळ संपली," पर्यवेक्षक म्हणाला आणि टेबलावरच्या गठ्ठ्यावर तो ठेवून दोरा शोधायला खण उघडून वाकला.

पेंटर उठला. त्याचे डोळे गठ्ठ्यावर होते हे पाहून पंडितीणही उठली, आणि बाक तिच्या बाजूने मोकळा असल्याने ती आधी पोचली. तिने गठ्ठ्यावर अंग टाकले. त्याने तिचे केस धरून डोके उचलले आणि टेबलावर आपटले. तिचे नाक फुटले, पण गठ्ठ्यावरचा हात सुटला नाही. त्याने पाठीत गुद्दा घातला, मग दुसरा, मग कोपराने मणक्यावर. "सोड! सोड, रांडे! माझ्या हातानं लिहवलंस!" प्लास्टर तिच्या छातीखाली दाबले गेले होते, आणि सकाळपासून दातांखाली धरलेली किंकाळी आता तिने मोकळी सोडली.

पहिला पोचला बसचालक. त्याने पेंटरला मागून गळ्याला आवळून उचलले. टायरवाल्याने पोटात लाथ घातली, चाक बसवताना घालावी तशी, नेमकी आणि पूर्ण वजनाने. तो पडला. आयेने त्याच्या मांडीवर बसकण मारली आणि त्याचा बाकाखाली फिरलेला डावा हात धरून बोटे एकेक करून उलगडली.

"आया, हात मोडू नको त्याचा," बसचालक धापा टाकत म्हणाला.

"का? मोडायला काय विशेष शिकावं लागतं?"

"परीक्षेच्या खोलीत नको!" पर्यवेक्षक ओरडला. "जे करायचं ते फाटकाबाहेर! बाई, तुमच्याखालच्या उत्तरपत्रिका मला मोजायच्या आहेत!"

आरडाओरड ऐकून नणंद आत आली होती. भाऊ जमिनीवर, बसचालकाचा गुडघा त्याच्या छातीवर. तिने एकदाच विचारले, "काय लिहिलंस रे?"

"हिनं सांगितलं ते," तो रक्त थुंकत म्हणाला. "सगळं. तूसुद्धा आहेस त्यात."

नणंदेचा चेहरा बदलला. ती टेबलाशी आली. पंडितीण उठून उभी होती. पर्यवेक्षकाने गठ्ठा मोजून दोरा दोन बाजूंनी घेतला होता.

"साहेब, यातली एक उत्तरपत्रिका मला पाहू द्या. पोलिसांचं काम आहे."

"बांधून होऊ द्या. मग विद्यापीठाकडे अर्ज करा."

"अजून बांधली कुठंय?"

पर्यवेक्षकाने गणवेशाकडे पाहिले, दोऱ्याकडे पाहिले. पहिली गाठ सैल पडत होती. "बाई," तो पंडितिणीला म्हणाला, "जरा गाठीवर बोट धरा."

तिने डाव्या हाताचे बोट गाठीवर ठेवले. नाकातले रक्त कागदावर पडू नये म्हणून मान बाजूला केली.

"बोट काढ," नणंद हलकेच म्हणाली. "मी तुला पेपरला बसवलं. माझी नोकरी जाईल गं. काढ बोट."

"वन्सं," पंडितीण म्हणाली, "तुमचे उपकार आहेत. तथापि…"

पुढचे तिने पुरे केले नाही. नणंदेने तिचे मनगट धरले, डावे, चांगले. आणि बोट दाबलेलेच राहिले, नखाखाली पांढरे पडले, पण जागचे हलले नाही. पर्यवेक्षकाने दोऱ्याची दोन्ही टोके ओढली. दोरा तिच्या कातडीत रुतला, दुसरी गाठ पहिलीवर बसली.

"झालं," तो म्हणाला. "आता काढा."