बावीस शिक्के

कार्डावर चार शिक्के होते, म्हणजे मोक शुई-सांगने कोळंबीच्या वाफवलेल्या मोदकांच्या चार छोट्या टोपल्या खाल्ल्या होत्या. आठवत नव्हतं, पण कार्ड खोटं बोलत नाही. हाँगकाँगच्या त्या चहाघरात टेबलागणिक एक कार्ड. टोपली आली की वाढणारी बाई त्यावर शिक्का मारते. बाकीच्यांना ते बिल, मोकला ती आठवण.

आठ वर्षांपूर्वी त्याच्या नाकामागे कॅन्सरची गाठ निघाली. किरण देऊन डॉक्टरांनी ती जाळली. गाठ गेली, पण कानांमागच्या मेंदूलाही आच लागली, आणि ते कळायला पाच वर्षं गेली. आता मोकची दुपार सकाळला ओळखत नाही. लिफ्ट दुरुस्तीतली तीस वर्षं मात्र स्क्रूसकट आठवतात.

मागच्या महिन्यात तो शेजारच्या बिल्डिंगमध्ये शिरून चौदाव्या मजल्यावरच्या परक्या दाराला तासभर किल्ली लावत बसला होता. आतल्या बाईने पोलीस बोलावले. मोकने त्यांच्याकडे कुलपाबद्दल तक्रार केली. तेव्हा मुलीने, वाय-यीने, बजावलं होतं, "बाबा, आता आणखी एक भानगड, की किल्ली माझ्याकडे." म्हणून मोक रोज खांबाजवळच्या सात नंबरवरच बसायचा. किटलीचं झाकण तिरकं ठेवायचा, की ती खूण बघून न बोलावता कोणीतरी गरम पाणी ओतून जायचं. किरणांनी तोंडातली लाळही सुकली होती, त्यामुळे झाकण दिवसभर तिरकंच.

त्या दिवशी तो मुतारीला गेला आणि परत येऊन खांबाजवळ बसला. खांब दोन होते, हा दुसरा.

टेबल गोल, माणसं अकरा, खुर्ची एक रिकामी. मोकने आधी कार्ड पाहिलं. बावीस शिक्के. एवढं खाल्लं आपण? पोटावर हात फिरवला तर पोटही हो म्हणालं. मग ही अकरा माणसं आपलीच असणार. अशा वेळी काय करायचं हे तीन वर्षांच्या सरावाने त्याला पाठ होतं. समोरच्या तरुणाकडे बघून तो म्हणाला, "केवढा झालास रे." तरुणाने मान लववली.

लग्नाची बोलणी चालली होती. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीचे आजोबा. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाचे; आणि एवढं वय असून उशिरा आले म्हणजे मोठंच प्रस्थ दिसतंय. मुलीने उठून दोन्ही हातांनी चहा ओतला. मोकने दोन बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानले. बोटं काही विसरली नव्हती.

बोलणी अडली होती ती एकाच गोष्टीवर. मुलाच्या आईला सून घरात हवी होती, मुलीला वेगळं राहायचं होतं. वाद वाढला तसा मुलाच्या बापाने तोडगा काढला, की वडीलधारे बसलेत, त्यांनाच विचारू.

मोकला प्रश्न नीटसा कळला नाही. दार, घर आणि एकत्र राहणं एवढं ऐकू आलं. त्याने चहाचा घोट घेतला. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं तीस वर्षं त्याने बाहेर काढली होती, हाका मारून घसा बसलेली.

"कुठेही ठेवा," तो म्हणाला. "दार आतून उघडता आलं पाहिजे. बाहेरून कोणी उघडेल म्हणून माणूस बसून राहिला, की सगळ्यात आधी त्याचा आवाज जातो."

मुलीचे डोळे भरले. मुलाच्या आईने पेला खाली ठेवला आणि, बरं, राहा वेगळे, असं पुटपुटली.

तेवढ्यात मोकची बायको लान-फोंग आली. सात नंबरवर नुसती त्याची टोपी बघून तिने सगळं चहाघर पालथं घातलं होतं.

"म्हाताऱ्या, कुणाच्या सोयरिकीत बसलायस?"

"म्हणजे हे तुमच्याकडचे नाहीत?" मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला विचारलं.

पुढच्या मिनिटात लग्न पुन्हा मोडायला आलं. परक्या माणसाच्या तोंडून हे कोणी वदवलं, यावर दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. वाढणारी बाई बारा जणांचं कार्ड शोधत राहिली. वाय-यी ऑफिस सोडून आली, सगळ्यांची माफी मागितली आणि बापाच्या गळ्यातली किल्ली काढून घेतली. मोकने मान वाकवून तिला मदतच केली.

दुपारी लान-फोंग बाजारात जाताना घराच्या दारापुढच्या लोखंडी जाळीला बाहेरून कुलूप लावून गेली.

मोकने जाळी हलवली. कुलूप निरखलं; जात जुनी, स्प्रिंग चांगली. बाहेरूनच उघडणारं. हे कोणी लावलं, का लावलं, काही आठवेना. त्याने जाळीतून बाहेरच्या व्हरांड्यात दोनदा हाक मारली. कोणाचा तरी रेडिओ चालू होता.

खिशात हात गेला तर कार्ड लागलं. बावीस शिक्के, एक एक करून मोजले. म्हणजे आज भरपूर माणसं होती बरोबर.

तोंड सुकलं होतं. तो टेबलापाशी येऊन बसला, रिकाम्या किटलीचं झाकण उचलून तिरकं ठेवलं, आणि पाणी येण्याची वाट बघू लागला.